चार बोटं उंबरा

गेल्या वर्षी मला जीबीएस हा आजार झाला. पूर्ण नाव लांबलचक आणि परदेशी आहे, डॉक्टरसुद्धा जीबीएसच म्हणतात. शरीराचं रक्षण करणारी आपलीच ताकद चुकून आपल्या नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात, एवढं मला समजलं. त्यापुढचं डॉक्टरांनाच विचारावं.

मी केडगावला राहते आणि एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. मी दवाखान्यात असताना माझा नवरा संतोष मोबाईलवर शोधत बसायचा, की या आजारातून उठलेल्या कुणी मराठीत काही लिहून ठेवलंय का. त्याला फारसं सापडलं नाही. आजही कुणाचा तरी नवरा किंवा आई असंच शोधत असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. यात माझ्या आईबद्दल बरंच आलं आहे. ते बाजूला काढून नुसता आजार लिहायचा प्रयत्न केला, पण जमला नाही.

खडू

आधी जुलाब झाले. चार दिवसांत थांबले आणि मी विसरून गेले. दोनेक आठवड्यांनी पायाच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. नवीन चपला घेतल्या होत्या, मी त्यांना दोष दिला. मग नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडला. उचलला, परत पडला. पोरी हसल्या, मीही हसले. तिसऱ्यांदा उचलायला खाली बसले ती उठताच येईना. पहिल्या बाकावरच्या दोघींनी काखेत हात घालून मला उभं केलं.

संतोष म्हणाला, "उपवास कमी कर." आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून इंजेक्शन दिलं. त्यांना बोल लावत नाही, पहिल्या दिवशी हे कुणालाही अशक्तपणाच वाटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली सोडले, पण त्यांच्यावर उभं राहता येईना. संतोषनं आणि शेजाऱ्यांनी मला खुर्चीसकट जिन्यावरून खाली आणलं.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली, तोही हलला नाही. मग म्हणाले, "मॅडम, एका दमात आकडे म्हणा बघू." मी एकवीसपर्यंत गेले. दुपारी पुन्हा म्हणायला लावले तेव्हा चौदा. दिवस मावळताना नऊ. तासभर न थांबता शिकवणारी मी, नवाच्या पुढे श्वास पुरेना. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

डॉक्टर सरळ बोलले. "हा आजार चढत जातो, मग थांबतो, मग उतरतो. कुठपर्यंत चढेल ते आज सांगता येत नाही. श्वासापर्यंत आला तर मशीन लावू. बहुतेक पेशंट पुन्हा चालतात, पण वेळ लागतो." मग त्यांनी विचारलं, "माहेरी कळवलं का?"

संतोषनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नको."

थोड्याच वेळात घशात नळी गेली. पुढचे सात आठवडे माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. त्याआधीचा शेवटचा शब्द हा होता.

दिवाळी अंकातली गोष्ट

आई आणि मी सात वर्षं बोलत नव्हतो. त्याचं कारण इथेच सांगते.

माझं माहेर पाथर्डीकडच्या एका वस्तीवर. आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचे, ते उन्हाळा लागल्यावर परत यायचे. माझी शाळा बुडू नये म्हणून आई मला आजीपाशी ठेवायची. टोळीतली बाकीची पोरं आईबापाबरोबर उसाच्या फडात असायची, मी वर्गात असायचे. आज मी शिक्षिका आहे ती त्यामुळे. हे मला लहानपणीही कळत होतं, तरी मनात राग होता.

मी सात वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ तिकडेच, कारखान्याच्या मुलखात, तापानं गेला. सात महिन्यांचा होता. पावसाळ्यात जन्मला, दिवाळीनंतर आईच्या कडेवर बसून गेला, तो परत आला नाही. मी कुणाला काही विचारलं नाही. बायका आपसात बोलताना एवढंच कानावर पडलं, "लेकरू गेलं तरी ही ऊस तोडायला हुबी राहिली."

वडील मी बारावीत असताना वारले. आई दिराच्या टोळीबरोबर जात राहिली, मी शिकत राहिले. कॉलेजच्या ग्रंथालयात मी आई आणि मुलीच्या बिनसलेल्या नात्यावरच्या कथा अधाशासारख्या वाचल्या. नोकरी लागल्यावर तशीच एक लिहिली. त्यातली ऊसतोड बाई तापानं फणफणलेलं बाळ बैलगाडीखाली झोळीत ठेवते आणि गाडी भरेपर्यंत कोयता खाली ठेवत नाही. दिवस कलल्यावर झोळी उघडते तेव्हा बाळ थंड पडलेलं असतं. गावाकडे राहिलेली मुलगी मोठी झाल्यावर आईला सोडून जाते. जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकात ती छापून आली, बक्षीसही मिळालं. परीक्षकांनी तिला 'अस्सल' म्हटलं. मी हरखून गेले.

अंक गावात पोचला. माझ्या चुलतभावानं कौतुकानं तो देवळापुढे मोठ्यानं वाचून दाखवला. गावानं ती कथा म्हणून ऐकली नाही. आमच्याकडे छापलं ते खरं. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर एकीनं आईला विचारलं, "काय गं, लेकरू तापलं असताना कोयता चालवीत हुतीस व्हय?"

आईनं मला फोन केला. "तू काय लिवलं?"

मी समजावलं, "आई, ती कथा आहे. त्यातली बाई तू नाहीस. कथेत असं रचावं लागतं."

"ती बाई मी न्हाई. मग लेकरू कुनाचं हाय?"

मी चिडले. "तुला वाचता येत नाही, तुला नाही कळायचं," असं मी आईला म्हणाले. हे वाक्य माझंच आहे, ते इथे वगळत नाही.

आईनं त्याच दिवशी देवापुढे बेलभंडारा उचलला. बेलाचं पान आणि भंडाऱ्याची हळद तळहातावर घेऊन दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. तिचा शब्द असा: लेक आपल्या पायानं माझ्या उंबऱ्याच्या आत येईल, तेव्हाच तिच्याशी बोलीन. मला हे चुलतीनं कळवलं. मला वाटलं, रुसली तीच आणि अटही तीच घालते. मी गेले नाही. माझ्या लग्नाला ती आली, अक्षता टाकल्या, जेवली आणि माझ्याशी न बोलता वस्तीवर परत गेली.

कान

अतिदक्षता विभागात चार आठवडे होते. तिथलं मला सगळ्यात जास्त पाठ झालं ते छत. पांढरे चौकोन, एका चौकोनावर चहासारखा डाग. मशीन श्वास देत होतं. काही दिवसांनी तोंडातली नळी काढून गळ्याला बारीक छिद्र पाडलं आणि नळी तिथे बसवली. दुखण्यापेक्षा कपाळावर बसलेली माशी हाकलता येत नाही, याचा त्रास मोठा होता.

या आजाराच्या माणसाजवळ बसणाऱ्यांना एकच कळकळीचं सांगणं आहे. हात, पाय, चेहरा काही हलत नसलं तरी माझे कान आणि डोकं शाबूत होतं. पायथ्याशी उभं राहून कोण काय बोललं ते मला आजही आठवतं. एक सिस्टर होत्या, त्या हात लावण्याआधी दर वेळी सांगायच्या, "ताई, आता कूस बदलते हं." एवढ्यानं मला मी माणूस असल्यासारखं वाटायचं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

संतोषनं पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहून आणली. तो अक्षरांवरून बोट फिरवायचा, हवं ते अक्षर आलं की मी पापणी मिटायची. मी पहिला शब्द सांगितला 'उशी'. दुसऱ्या दिवशी विचारलं, 'गॅस बंद आहे का'. तो हसता हसता बाहेर जाऊन रडून आला, हे मला डोळ्यांवरून कळलं.

जावईबापू

मशीनची गरज संपली तसं मला वॉर्डात हलवलं. गळ्यातली नळी अजून होती, त्यामुळे आवाज नव्हता. त्याच दिवशी दुपारी आई आली. संतोषनं माझा 'नको' मोडून तिला फोन केला होता. तेव्हा मला त्याचा राग आला. आज वाटतं, माझं न ऐकून त्यानं फार चांगलं केलं.

तिच्या हातात कापडी पिशवी होती, त्यात जुनी लुगडी. ती कॉटशी उभी राहिली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग संतोषला म्हणाली, "जावईबापू, हिची येनी कुनी घातली? समदा गुता झालाय."

सात वर्षांनी ऐकलेला आईचा आवाज. माझ्याबद्दल होता, माझ्याशी नव्हता. ती उशाशी बसली आणि तेल लावून एकेक बट सोडवू लागली. दुपारभर तेच केलं, एका शब्दानं बोलली नाही.

त्या दिवसापासून ती राहिलीच. मला भरवायची नळी धरायची, अंग पुसायची, भांडं द्यायची. पण बोलायची ती दुसऱ्यांशी.

"सिस्टर, हिला इचारा, थंडी वाजती का."

"अहो मावशी, तुम्हीच विचारा की. शेजारी तर बसलाय."

"मी न्हाई बोलत तिच्याशी."

सिस्टर तिच्याकडे बघतच राहिल्या. संतोषनं बेलभंडाऱ्याची हकीकत सांगितल्यावर सगळा वॉर्ड निरोप पोचवायला लागला. डबे वाटणारी बाईसुद्धा यायची नि सांगायची, "मॅडम, तुमची आई विचारती, पाठ दुखती का."

मला उत्तर द्यायला पुठ्ठाच होता. आईनं तो एकदा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि खाली ठेवला. "मला काय त्यातलं." मला जे काही बोलता येत होतं ते सगळं त्या पुठ्ठ्यावर होतं. आणि ज्या एका माणसाशी बोलायची गरज होती, त्याला तो वाचता येत नव्हता. फोनवर मीच तिला ते ऐकवलं होतं.

मधल्या मधे संतोषची ओढाताण झाली. त्याचा कारखाना एमआयडीसीत, पाळी संपवून तो थेट वॉर्डात यायचा. एकदा चिडून म्हणाला, "मी काय तुम्हा मायलेकींचा पोस्टमन आहे का?" आई शांतपणे म्हणाली, "पोस्टमन बरा, जावईबापू. त्यो येळेवर येतो." संतोषला राग आवरून हसावं लागलं.

मोळी

लुळं पडलेलं माणूस फार जड होतं. मला कॉटवरून खुर्चीत बसवायला दोन वॉर्डबॉय आणि दवाखान्यातली एक आया लागायची, तरी माझा खांदा ओढला जायचा. आईनं दोन दिवस हे नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सरका."

तिनं जुन्या लुगड्याची लांब घडी केली, एक पट्टा माझ्या पाठीखालून आणि एक मांड्यांखालून घेतला. टोकं आपल्या हाताला गुंडाळली. दोन्ही गुडघ्यांत वाकली, मला छातीशी ओढून घेतलं आणि उठली. मी खुर्चीत. कुठेही ओढलं गेलं नाही.

फिजिओथेरपीच्या मॅडम दारातून बघत होत्या. "मावशी, हे कुठे शिकलात?"

"उसाची मोळी बाई, तिला बी हातपाय नस्त्यात," आई म्हणाली. "लांबनं उचलली का कंबर गेली. अंगाशी घ्यायची नि गुडघ्यात वाकायचं. मोळी आपली समजून उचलायची, दुसऱ्याची समजून न्हाई."

मॅडमनी ते दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना दाखवायला लावलं. आईनं माझ्या टाचांसाठी चुंबळीही केल्या. मोळी डोक्यावर घेताना खाली ठेवतात त्या कापडाच्या वळकट्या. मॅडमनी सांगितलं की त्या टाचेखाली नकोत, पोटरीखाली ठेवा म्हणजे टाच अधांतरी राहील. आईनं लगेच तसं केलं. मला एकही जखम झाली नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच कळेल.

मी मोळीसारखी तिच्या छातीशी असायचे तेव्हा तिचा श्वास मला ऐकू यायचा. तेवढ्या क्षणीही ती बोलायची नाही.

पुणतांब्याच्या आजी

शेजारच्या कॉटवर पुणतांब्याच्या एक आजी होत्या. डावी बाजू लुळी पडली होती, जीभ मात्र ठणठणीत. आई त्यांना आक्का म्हणायची. एका दुपारी जेवणं झाल्यावर आजींनी सरळ विषय काढला.

"का गं, लेकीचं असं काय चुकलं? हागणंमुतणं काढती अन् तोंडानं बोलत नाहीस."

"तिनं लिवलं, आक्का."

"काय लिवलं?"

आई माझ्या हाताची बोटं चोळत होती. मॅडमनी सांगितलेला व्यायाम. ती चोळतच बोलत राहिली.

"लेकराला दोन दिस ताप हुता. तिसऱ्या दिशी डोळं फिरवायला लागलं. मुकादम म्हनला, गाडी भरून दे मंग जा. मी कोयता तिथंच टाकला नि बांधानं निघाले. हिचा बाप मागनं वरडतोय, थांब, थांब. म्या थांबले न्हाई. फुडं दुधाची गाडी भेटली, त्या मान्सानं दवाखान्यापशी सोडलं. नंबर येस्तोवर लेकरू मांडीवर हुतं. डागदरनं हात लावला नि म्हनला, बाई, उशीर झाला."

आईनं माझा दुसरा हात चोळायला घेतला.

"तिथल्याच नदीच्या कडंला माती दिली. दुसऱ्या दिशी उजाडलं. पाचटाच्या कोपीत झोळी टांगलेली, रिकामी. समदे फडात गेले. मी त्या झोळीकडं बघत किती बसू? कोयता घेतला नि गेले. बसले असते तर येडी झाले असते. बायांनी नावं ठिवली, ठिवू द्या. पर हिनं लिवलं का मी त्याच दिशी तोडीत हुते, लेकरू तापात टाकून." तिचं चोळणं थांबलं. "त्याच दिशी न्हाई आक्का. दुसऱ्या दिशी."

आजी म्हणाल्या, "एक दिस म्हंजी लई झाला गं."

मी हातभर अंतरावर होते. ऐकायचं नाही म्हटलं तरी कूस बदलता येत नव्हती, बोलायचं म्हटलं तरी आवाज नव्हता. लहानपणी बायकांच्या बोलण्यातून कानावर पडलेलं अर्धं वाक्य मी घेतलं होतं, उरलेलं अर्धं स्वतः रचलं होतं. विचारायला आई होती, तिला विचारलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी कानांत उतरत होतं. आईनं माझ्याकडे न बघता पदराच्या टोकानं ते पुसलं आणि पुन्हा बोटं चोळायला घेतली.

संध्याकाळी संतोष आल्यावर मी पुठ्ठ्यावर सांगितलं, 'दुसऱ्या दिवशी'. पुठ्ठ्यावर जोडाक्षरं नव्हती, त्यामुळे फार वेळ लागला. तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशी काय? उद्या? उद्या काय आणू?" मी डोळे मिटून घेतले.

आवाज

गळ्यातली नळी काढली तेव्हा पहिले दोन दिवस नुसती खरखर. तिसऱ्या दिवशी शब्द आला. मी म्हणाले, "आई."

ती भांडं विसळत होती. हात थांबला.

"आई, माझं चुकलं. मी तुला विचारायला पाहिजे होतं."

ती तशीच पाठमोरी उभी होती. मग आजींना म्हणाली, "आक्का, तिला सांगा, देवापुढं शबुद दिलाय. मला मोडता येत न्हाई." तिचा आवाज बारीक झाला होता.

आजी वैतागल्या. "अगं, त्या दारात आडवी फळी टाक, म्हण हाच माझा उंबरा! लेकीला वरून ने."

"देवाला येडं समजता का आक्का?"

संतोषनं दुसरा मार्ग काढला. "आई, मी गाडी करतो. हिला उचलून तुमच्या घरात नेतो, पाय टेकवतो. झालं."

"जावईबापू, उचलून आनल्याला पाय तिचा न्हाई, तुमचा."

तिचा हट्ट मला तोवर राग आणायचा. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की आजूबाजूला सगळे 'चालली तर' म्हणत होते आणि ही एकटी 'चालल्यावर' म्हणत होती. मी तिच्या उंबऱ्यात येणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती. शंका मला होती. मांडी बोटभरही उचलत नव्हती.

वीट

घरी आल्यावरचे महिने कंटाळवाणे होते. ते तसेच असतात, हे आधी माहीत असलेलं बरं. दोन महिने आमच्या केडगावच्या दोन खोल्यांत आई राहिली. सकाळी व्यायाम, दुपारी व्यायाम. चमचा धरायला तीन आठवडे लागले. वॉकर धरून पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा अकरा आकडे मोजेपर्यंत टिकले. काही दिवस मी रडले, काही दिवस संतोषवर ओरडले. एकदा वाटी भिरकावायला गेले, ती माझ्याच मांडीवर पडली. आई भिंतीला म्हणाली, "ताकद आली म्हनायची."

पाय उचलायला लागले तरी पंजे खाली लोंबायचे, बोटं जमिनीला अडखळायची. त्यासाठी प्लास्टिकची पट्टी आणि बूट मिळाले. मी पावलं टाकू लागले तशी आईनं पिशवी भरली. संतोषला म्हणाली, "घर सारवून ठिवते." आणि पाथर्डीच्या एसटीत बसली.

मी मॅडमना विचारलं, "उंबरा ओलांडायला कधी जमेल?" त्या म्हणाल्या, "किती उंच आहे?" मला आठवेना. ज्या उंबऱ्यावरून मी लहानपणी दिवसातून पन्नास वेळा उड्या मारल्या, त्याची उंची मला सांगता येत नव्हती. संतोषनं आईला फोन लावला. ती म्हणाली, "थांबा, बघून येते." थोड्या वेळानं फोनवर आली. "चार बोटं."

मॅडमनी वीट आडवी ठेवली. म्हणाल्या, "ही साधारण तेवढीच." मी रोज ती वीट ओलांडू लागले. आधी उजवा, मग डावा. डावा अडकायचा. वीट कितीदा उलटली ते मोजलं नाही.

उंबरा

होळीनंतर आम्ही गेलो. करंजीच्या घाटात मला मळमळलं, संतोषनं गाडी थांबवून पाणी दिलं. वस्तीवर पोचलो तर चुलती, चुलतभाऊ, गिरणीवरच्या बायका, सगळे अंगणात. कुणी बोलावलं होतं माहीत नाही.

आई आत उभी होती, दारापासून दोन पावलांवर. हात पाठीमागे घेतलेले.

चुलतभाऊ धरायला पुढे झाला. मी म्हणाले, "नको." या वेळी तो शब्द वेगळ्या कारणासाठी होता. वॉकर दाराशी ठेवला आणि चौकट धरली. उजवा पाय उचलला. आत गेला, शेणानं सारवलेल्या जमिनीवर टेकला. डावा उचलला आणि तो अडकला. बुटाचं टोक उंबऱ्याच्या लाकडाला लागलं. मी पुढे झुकले. आईचे हात पाठीमागून सुटून पुढे आले आणि तसेच हवेत थांबले. ती मला धरत नव्हती आणि हात मागेही नेत नव्हती. मी पाय मागे घेतला. मॅडमनी शिकवल्यासारखा गुडघा पोटाकडे ओढला. मग पाय आत आला.

आई माझ्या पायांकडे बघत होती.

"बूट घालून घरात आलीस? शाळंत पोरांना हेच शिकवितीस का, सुने?"

माझं नाव सुनीता. सुने म्हणणारी जगात ती एकटी आहे.

ती खाली बसली. पट्टीचे बंद तिला नीट सोडवता येईनात. मी भिंतीला टेकून म्हणाले, "आई, मी खोटं लिहिलं होतं."

"म्हाईत हाय. आदी बस. गूळ-पानी घे."

नाव

अजून मला भराभर चालता येत नाही. जिना चढताना कठडा लागतो. खडू धरता येतो. दोन ओळी लिहून थांबते. शाळेत सगळ्यांनी सांभाळून घेतलं, त्यांची मी आभारी आहे.

हे सगळं छापायला देण्याआधी मी वस्तीवर जाऊन आईला वाचून दाखवलं. तिनं तांदूळ निवडत ऐकलं. मोळीचं आलं तिथे हसली. आक्कांच्या आठवणीनं म्हणाली, "त्यास्नी फोन लाव." वाचून झाल्यावर ताट बाजूला सारलं.

"हे बी देवळापुढं वाचायला लाव. त्याच पोराला. त्याच जाग्यावर."

"लावते."

"दुसऱ्या दिशी, असं लिवलंस ना?"

"लिहिलंय."

"मंग त्याचं नाव कुठंय?"

मी पानं उलटून पाहिली. बाळ, लेकरू, धाकटा भाऊ. पहिल्या कथेतही मी नाव दिलं नव्हतं, याही वेळी राहिलं होतं.

"बारसं केलं हुतं आमी," आई म्हणाली. "वस्तीवर घुगऱ्या वाटल्या हुत्या. तू पळत जाऊन घरोघर दिल्या हुत्यास."

म्हणून शेवटी लिहिते. माझ्या धाकट्या भावाचं नाव सोमनाथ होतं.